कोल्हेजवळ्याची रिकामी गादी

“या जिल्ह्यात खरा, रक्ताचा, वंशपरंपरागत राजा आता एकच उरला आहे, आणि तो तुमच्यापुढं उभा आहे!” असं चंद्रप्पा हलगे यांनी आषाढातल्या एका सकाळी अत्यंत गंभीरपणे जाहीर केलं. त्या वेळी ते लुंगी खोचून नळाच्या खड्ड्यात उतरले होते, हातात प्लास्टिकचा मग होता, आणि त्यांच्यापुढे त्यांच्या पत्नी उमादेवी रिकामी घागर धरून उभ्या होत्या.

“हाव का?” उमादेवी म्हणाल्या. “मंग राजे, जरा हात चालवा. धार बारीक व्हायलीय. आता गेलं की आठ दिवस येत न्हाई.”

राजांनी घागर भरली. राज्यारोहणाच्या दिवशी पाणी भरावं लागलेला हा इतिहासातला पहिलाच राजा असावा. पण इतिहास लिहिणारे नळाच्या खड्ड्यात उतरत नाहीत, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

कोणीही माणूस आपणहून राजा होत नाही. त्याला आधी शेजारी असावा लागतो. चंद्रप्पांना तो दिनकररावांच्या रूपानं लाभला होता. एकच भिंत, भिंतीवर एकच मांजर, आणि दोघंही एकाच साली निवृत्त. चंद्रप्पा वीज कचेरीतल्या तक्रार खिडकीवरून उतरले, तर दिनकरराव बियाणं तपासणीतून. दोघांची बीपीची गोळीही एकच होती. सकाळी बरोबर फिरायला जायचे आणि परत येताना एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. अशी बरोबरी असली की मैत्री चांगली टिकते.

पुढं दिनकररावांच्या मुलानं पुण्याहून मोटार पाठवली. चंद्रप्पांनी ती सहन केली. “पार्किंगचा लय वांधा होतो बघा,” असं ते स्वतःच्या जुन्या स्कूटरवर हात फिरवत म्हणाले. मग दोन दारांचा फ्रीज आला. “दोन्हीकडून थंडी जाते त्यातली,” हे त्यावरचं उत्तर. तालेवार शेजाऱ्याच्या प्रत्येक वस्तूवर चंद्रप्पांकडे एक उत्तर तयार असे. पण यंदा उन्हाळ्यात दिनकररावांच्या फाटकावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी लागली, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं: “राजा दिलेरवंत दिनकरराव”. खाली बारीक अक्षरात “बियाणे निरीक्षक (निवृत्त)”. भोवती निळे दिवे होते, आणि ते उघडझाप करत होते.

याला मात्र उत्तर नव्हतं.

“त्याचं असं हाय अप्पा,” दिनकररावांनी लाजत-लाजत सांगितलं. (लाजण्याचा त्यांनी सराव केला असावा, असं चंद्रप्पांना वाटलं.) “निजामाच्या जमान्यात कितीतरी खानदानांना उपाध्या दिलेल्या. पुढं कुणी निपुत्रिक गेलं, कुणी गाव सोडलं, मंग उपाध्या तशाच पडून राहिल्या. बँकेत बेवारस ठेवी राहतात न्हाई का, तशा. हैदराबादची एक संस्था हाय. ते लोक बरोबर शोधून काढतात की कोणती उपाधी कोणाला लागू पडते.”

“तुम्हाला कशी काय लागू पडली?”

“आडनाव घेतात, फोटो घेतात. म्हणले, तुमच्या कपाळातच दिलेरवंत हाय.”

चंद्रप्पांनी त्या कपाळाकडे नीट पाहिलं. तिथं त्यांना फक्त घामोळं दिसलं.

आता एखाद्यानं पाटी लावली म्हणून जग बदलत नाही, असं आपण म्हणतो. परभणी बदलली. पंधरवड्यात रिक्षावाले त्या गल्लीला “राजाची गल्ली” म्हणायला लागले. चंद्रप्पांच्या घरी कुरिअर घेऊन आलेला पोरगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, “हाव, भेटलं घर. ते राजाच्या बाजूला हाय न्हाई का, ते.” ज्या घराचे हप्ते चंद्रप्पांनी उभ्या नोकरीत फेडले, ते घर आता एका बियाणे निरीक्षकाच्या बाजूला असलेलं घर झालं होतं. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. उमादेवींना वाटलं पिठल्यात मीठ जास्त झालं.

तरी एवढ्यावर निभावलं असतं. पण मध्येच उमादेवींच्या भाचीचं, महेश्वरीचं लग्न निघालं.

आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरीला फारसं महत्त्व नसतं. ती दोघं कोपऱ्यात घाम पुसत उभी असतात. खरं काम माइकवाल्याचं. तो एकेक नाव पुकारतो, त्या-त्या असामीनं पुढं यायचं, आणि आपली समाजातली जागा सगळ्यांदेखत डोक्यावर बांधून घ्यायची. मोठ्या माणसाला फेटा. बाकीच्यांना टॉवेल-टोपी. यात मधलं काही नाही. टॉवेल-टोपीवाल्याचा तसा अपमान कोणी करत नाही. फक्त त्याला टॉवेल आणि टोपी देतात.

चंद्रप्पा नवरीचे सख्खे मावसोबा. दिनकरराव नुसते शेजारी. त्यांना बोलावलं ते त्यांच्या मोटारीतून उमादेवींच्या बहिणीची सासू आणायची होती म्हणून. आणि माइकवाला ओरडला, “आता आपल्यामध्ये उपस्थित हायत, परभणीचे भूषण, श्रीमंत राजा दिलेरवंत...” फेटा बांधायला दोघंजण धावले. फोटो निघाले. सनईवाल्यानं मधेच सूर बदलला. त्यानंतर आमदारांचे पुतणे, सोसायटीचे चेअरमन, मंडपवाल्याचे मेहुणे असं करत, अक्षतांच्या अगदी तोंडावर, माइक खरखरला: “चंद्रप्पा हलगे असतील तिथून लवकर यावं. टॉवेल-टोपी घेऊन जावं.”

जेवताना दिनकररावांचा फेट्याचा शेमला सारखा चंद्रप्पांच्या वरणात पडत होता.

“अप्पा, तुमचा टॉवेल सुती दिसतो,” दिनकरराव आपुलकीनं म्हणाले. “चांगला हाय. पाणी टिपतो.”

त्या क्षणी चंद्रप्पांनी ठरवलं. आता आपल्याही डोक्यावर फेटा चढल्याशिवाय, आणि तोही या माणसाच्या डोळ्यांदेखत चढल्याशिवाय, जगण्यात अर्थ नाही. ते दिनकररावांसारखी विकत घेतलेली उपाधी लावणार नव्हते. त्यांना स्वतःच्या खानदानातलीच पाहिजे होती. कुठं तरी पडून असेलच. एवढ्या मोठ्या वंशवेलीवर एखादा राजा लागला नसेल असं होतं का?

सगळ्यात आधी ते दाखल्यांच्या केंद्रावर गेले. चष्मेवाल्या मुलीनं संगणकावर खालपासून वरपर्यंत यादी सरकवली.

“उत्पन्नाचा हाय, रहिवासी हाय, ज्येष्ठ नागरिकाचा हाय. राजाचा न्हाई काका.”

“नीट बघा की.”

“‘इतर’ टाकू का?”

“राजा इतरमध्ये येतो?”

“काका, इतरमध्ये सगळेच येतात.”

तिथून त्यांना एका कचेरीत पाठवण्यात आलं. तिथल्या भाऊसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि राजेपण मंजूर करायचे अधिकार या टेबलाला नाहीत असं सांगितलं. कोणत्या टेबलाला आहेत? तर कोणत्याच नाहीत. मग दरखास्त कुठं द्यायची? तर दरखास्त इथंच द्यायची, कारण नामंजूर करायचे अधिकार मात्र या टेबलाला आहेत. चंद्रप्पांना यात काही गैर वाटलं नाही. त्यांनी स्वतः तक्रार खिडकीवर जन्मभर हेच केलं होतं.

कॉलनीतले सिद्धोधन गुरुजी नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी फाटकाशी गाठून विचारलं, “अप्पा, राजा व्हायलाव म्हणे?”

“प्रयत्न चाललाय, गुरुजी.”

“अठरावं कलम हाय. उपाध्या बंद केल्यात घटनेनं. राजे बंद झाले म्हणून तर तुमी, मी अन् दिनकरराव एकाच टँकरपुढं घागर लावून उभे राहायलोय.”

“तेच तर दुखणं हाय!” चंद्रप्पा बोलून गेले. मग गुरुजींच्या भुवया पाहून घाईनं म्हणाले, “तुमचं न्हाई हो. तुमी उभे राहता ते बरं वाटतं. दिनकररावाचं बोलायलोय मी. तो उभाच राहत न्हाई आता. गड्याला उभं करतो.”

गुरुजींनी विचार केला. “हां,” ते म्हणाले, “मंग चालू द्या. दोन राजे झाले म्हणजे दोघांचाबी भाव उतरल.”

अखेर रस्ता सापडला तो घरातच. पूर्णेला चंद्रप्पांचा चुलतभाऊ बसवेश्वर किराणा दुकान चालवतो. त्याला फोन लावला, तर तो साखर मोजत-मोजत म्हणाला, “राजा? आपला पणजोबा राजाच होता की. कोल्हेजवळ्याचा. निजामानं न्हाई केलेला, गावानं केलेला. मंग तो गाव सोडून परभणीला आला, अन् गादी मोकळी पडली. अजून मोकळीच हाय म्हणतात.”

चंद्रप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “अन् हे तू आजवर बोलला न्हाईस?”

“तुमी इचारलं कधी? शिवाय आजोबा म्हणायचे, त्या वाटंला जाऊ नका.”

“का?”

“ते न्हाई सांगितलं. नुसतं कानावर हात ठेवायचे.”

“मंग तूच का न्हाई बसलास गादीवर?”

“न्हाई न्हाई. तुमी थोरले. तुमचा मान.”

भाऊबंदकीत कुणी आपणहून एखादी गोष्ट सोडली, तर तो ती का सोडतोय ते आधी पाहावं, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. एरवी बांधावरची बोरं न सोडणाऱ्या हलगे खानदानात एक माणूस अख्खं राज्य सोडत होता. पण चंद्रप्पांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी फक्त एक फेटा होता, आणि फेट्याआड दिनकररावांचं पडलेलं तोंड. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाच्या खड्ड्यात जी घोषणा झाली, ती यानंतरची.

चंद्रप्पा पूर्णेपर्यंत एसटीनं आणि पुढं काळीपिवळी जीपमध्ये चौथ्या सीटवर अर्धे बाहेर लटकत कोल्हेजवळ्याला पोचले. सरपंच परमेश्वर पारावरच होता. “मी तुमच्या राजाचा पणतू,” असं यांनी म्हटल्याबरोबर तो ताडकन उठला. गावात ओरड झाली. माणसं जमली, बायका जमल्या. महिनोन् महिने जळून पडलेली विजेची डीपी दुरुस्त होऊन गावात यावी आणि लोकांनी तिच्याकडे पाहावं, तसे ते चंद्रप्पांकडे पाहत होते. एकदोघींनी तर डोळे पुसले.

“आला बाई! येकदाचा आला!” तानुबाई नावाची एक वाळकी, ताठ म्हातारी गर्दीतून पुढं आली. तिनं चंद्रप्पांचा दंड चाचपला. “अंगानं बरा हाय. कान कसे हायत?”

“कान एकदम ठणठणीत,” चंद्रप्पा अभिमानानं म्हणाले.

“मंग झाक झालं. भयरा असता तर काय उपेग?”

“अप्पा, बीपी-बीपी?” परमेश्वरनं विचारलं.

“गोळी चालू हाय.”

“त्या दिवशी इसरू नका. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी असतोय आपला मानाचा कार्यक्रम. ढोल-ताशा, मिरवणूक, फेटा, मंग गादीवर बसायचं. राजा गेल्यापासून गावाचे लय हाल झाले. एक साल ग्रामसेवकाला बसवलं, त्यानं आठ दिवसांत बदली करून घेतली. मंग आमी धोंड्यालाच फेटा बांधायचो. पण धोंड्यात काय चव न्हाई बघा.”

फेटा हा शब्द आल्यावर चंद्रप्पांना पुढचं काही ऐकू आलं नाही.

“तर रिवाज काय असतोय, ते आधी सांगतो...”

“सांगायचं न्हाई, करायचं!” चंद्रप्पांनी हात वर केला. हात आपोआप राजासारखा वर गेला, हे त्यांच्या लक्षात आलं. “पूर्वजांनी घालून दिलेलं जसंच्या तसं झालं पाहिजे. माझ्याबरोबर परभणीचे एक गृहस्थ येणार हायत. त्यांच्यासमोर एकबी अक्षर कमी व्हायला नको.”

“अक्षर तर कमी हुणार न्हाई,” तानुबाई म्हणाली. “लय दिसांचं साचलंय.”

आता राजानं आपल्या राज्याभिषेकाला एसटीनं जावं हे बरं दिसत नाही, आणि दिनकरराव तर आलेच पाहिजेत. तेव्हा राजा आपल्या शत्रूच्याच मोटारीतून निघाला. पुढच्या सीटवर दिनकररावांच्या पत्नी मालनबाई बसल्या, कारण त्यांना गाडी लागते. राजा मागं, उमादेवी आणि पुरणपोळ्यांचा डबा यांच्या मधोमध. शिवाय वाटेत पेट्रोलसाठी गाडी थांबली तेव्हा चंद्रप्पांनी पैसे द्यायला खिशात हात घातला, तर दिनकरराव खिडकीतून म्हणाले, “राहू द्या अप्पा, राजा तुमी गावात पोचल्यावर. इथं अजून मीच हाय.” चंद्रप्पांनी दात आवळले. त्यातला एक बसवलेला होता, तो हलला.

पण कोल्हेजवळ्याच्या वेशीवर सगळं भरून निघालं. हलगी कडाडली. चंद्रप्पांना बैलगाडीवर चढवलं. फेटा असा आला की त्यापुढं महेश्वरीच्या लग्नातला फेटा म्हणजे बँडेज. बांधता-बांधता बांधणाऱ्याला स्टुलावर उभं राहावं लागलं. आणि मग, चंद्रप्पा हे कधीही विसरणार नाहीत, परमेश्वरनं माइक हातात घेतला: “राजासंगट परभणीहून आलेले पाव्हणे, त्यांनी पुढं यावं. टॉवेल-टोपी घेऊन जावं.”

दिनकरराव गेले. टोपी त्यांना लहान होत होती.

“टॉवेल सुती हाय का?” चंद्रप्पांनी गाडीवरून खाली वाकून विचारलं. जन्मभर सुखाच्या शोधात हिंडणारी माणसं असतात. चंद्रप्पांना ते बैलगाडीवर, फेट्यात, या एका वाक्यात मिळालं. पुढची काही मिनिटं ते या जगात नव्हते.

जगात परत आले तेव्हा ते बारवेजवळच्या दगडी ओट्यावर, एका मळक्या गादीवर बसलेले होते, आणि समोर गावातल्या सगळ्या बायका कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. पुरुष मागं झाडाखाली. हलगी थांबली. तानुबाईनं तोंडातलं पान थुंकलं, चूळ भरली, आणि दोन पावलं पुढं आली.

“आरं ए राजा! मेल्या, तुझ्या घरी पाव्हणे येवोत अन् जाऊ नयेत!”

बायकांनी एका सुरात हुंकार दिला. चंद्रप्पांना वाटलं, म्हातारी कुणा दुसऱ्याला बोलतेय. त्यांनी मागं वळून पाहिलं. मागं बारव होती.

“मागं काय बघतूस, खापरतोंड्या! तुझ्या पणज्यानं बारवेचं पाणी आपल्या उसाला वळवलं, आमच्या आज्या-पणज्या कोसभर हिंडल्या. तुझ्या धोतराचा सोगा बाभळीला अडको, अन् ती बाभळ तुझ्यासंगट चालू लागो!”

परमेश्वर ओट्याशी वाकून कुजबुजला, “हाच रिवाज, अप्पा. दुष्काळात राजानं पाणी वळवलं, गाव चिडलं. मंग त्यानं कबूल केलं का, वर्सातून एक दिस मी गादीवर बसन अन् गावानं तोंडाला येईल ते बोलावं. मी उठणार न्हाई, उलटून बोलणार न्हाई. त्या साली पाऊस पडला. तवापासून राजाचा मान हाच. तुमचे पणजोबा दोन-चार साल बसले, मंग परभणीत धंदा हाय म्हणले.”

“हे आधी सांगता येत नव्हतं?” चंद्रप्पांचे ओठ फक्त हलले.

“सांगायलोच होतो की. तुमीच म्हणले...”

चंद्रप्पा अर्धवट उठले. अपमान म्हणजे किती! वीज खात्यातून सन्मानानं निवृत्त झालेला माणूस, ज्येष्ठ नागरिक!

“उठला की गादी सुटली, अप्पा,” परमेश्वर हळूच म्हणाला. “मंग जो बसल त्याची.”

नेमक्या त्याच वेळी दिनकरराव झाडाखालून एक पाऊल पुढं आले. त्यांना म्हणे मोबाइलमध्ये चित्रण नीट येत नव्हतं म्हणून ते पुढं सरकले. पण चंद्रप्पांना दिसलं ते असं, की लहान टोपी घातलेला एक दिलेरवंत त्यांच्या गादीकडे चालत येत आहे. ते धपकन खाली बसले. ऋषिमुनींना जे वैराग्यानं साधलं नाही, ते चंद्रप्पांना जळफळाटानं साधलं: ते हलले नाहीत.

मग एकेक बाई पुढं येऊ लागली. एकीनं त्यांच्या म्हशीला शेळीइतकं दूध दिलं. दुसरीनं त्यांना अशी सून दिली की जी रोज माहेरचा स्वयंपाक करील. तिसरी आली तरणीताठी, तिनं हात नाचवून म्हटलं, “राजा, तुझ्या राज्यात लाईट न्हाई अन् बिल मातर टायमाला येतंय! तुझा मोबाइल चार्जिंगला लावला की लाईट जावो!”

लाईट आणि बिल. हे दोन शब्द चंद्रप्पांच्या कानावर पडले आणि त्यांच्या आत कुठं तरी एक जुनी खिडकी उघडली. पाठ आपोआप ताठ झाली. चेहऱ्यावरचा राग उतरला, आणि तिथं एक अथांग, सरकारी शांतता पसरली.

“ग्राहक क्रमांक?” ते म्हणाले.

“आं?”

“मीटर घरात की बाहेर? एकेकीनं या. गर्दी करू नका. तुमचं झालं असेल तर मागच्यांना येऊ द्या.”

बायका थबकल्या. मग जोरानं तुटून पडल्या. पण आता कोणासमोर बोलायचं होतं? ज्या माणसानं भर उन्हाळ्यात, भारनियमनाच्या दिवसांत, अख्ख्या परभणीच्या शिव्या जाळीच्या खिडकीतून झेलल्या होत्या आणि मधल्या सुट्टीत डबा खाल्ला होता, त्याच्यासमोर. “बरं, पुढं,” ते म्हणत. “समजलं. पुढं.” “हे मघाच्या बाईंनी सांगितलं, नवीन असेल तर बोला.” तानुबाई दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. शेवटी ओट्याला टेकून धापा टाकत म्हणाली, “पोरींनो, राजा असावा तर असा गं. मावळतीपतूर उठणार न्हाई ह्यो.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्मभर धुणं आपटणारीला मनाजोगता धोंडा मिळाल्यावर येतं तसं.

आणि हे सगळं दिनकरराव पाहत होते. त्यांचा मोबाइलवाला हात हळूहळू खाली आला होता.

राज्य आता स्थिर झालं, असं वाटत होतं. एवढ्यात गर्दीतून एक ओळखीचा आवाज आला.

“मला बी बोलायचंय.”

उमादेवी कमरेला पदर खोचून पुढं आल्या होत्या. चंद्रप्पांनी डोळ्यांनी खूण केली. ती खूण त्यांनी लग्नानंतर प्रथमच साफ दुर्लक्षली.

“ह्या राजाला,” उमादेवींनी गावाकडे तोंड करून सांगितलं, “किती दिवसांपासून सांगायलेय. आंघोळ करून आला की वल्ला टॉवेल गादीवर टाकतो! रोज! नळ आला की ह्याला काम आठवतं. शेजाऱ्यानं फ्रीज घेतला की ह्याच्या पोटात दुखतं, अन् काढा मी करायचा. शेजारी राजा झाला, मंग ह्यालाबी राज्य पाहिजे! राजा, तुझा टॉवेल कधीच वाळू नये!”

असा हलकल्लोळ झाला की बारवेतले पारवे उडाले. प्रत्येक बाईनं टॉवेलचं दुःख भोगलेलं होतं. हलगी वाजली, कुणी उमादेवींना उचललं. चंद्रप्पांची खिडकी एकाएकी बंद झाली. या तक्रारीला कोणता अर्ज लावायचा, ते त्यांना खात्यात शिकवलेलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि कोल्हेजवळ्याच्या राजांनी त्या दिवशी दिलेलं एकमेव खरं उत्तर दिलं: “चुकलं.”

कार्यक्रम संपला. पाऊस आला नाही. ढग आले, खाली डोकावले आणि हिंगोलीकडं निघून गेले. पण गाव खूश होतं. तानुबाईनं चंद्रप्पांच्या कपाळाला विभूती लावली, आपल्या हातानं भाकरीचा घास भरवला, आणि म्हणाली, “म्होरल्या साली लवकर ये बाबा. आन् मालकिनीला आण. बिगर तिच्या नको येऊस.” पोरांनी गाडी वेशीपर्यंत ढकलत नेली. मोटार चालू होती, तरी ढकलली, मान होता.

परतीच्या वाटेवर मालनबाईंना गाडी लागली होती. उमादेवी खिडकीबाहेर पाहत अधूनमधून हसत होत्या आणि तोंडावर पदर घेत होत्या. चंद्रप्पांनी फेटा काढला नाही. तो मोटारीच्या छताला घासत होता, तरी नाही. त्यांना सगळ्यात चमत्कारिक वाटत होतं ते दिनकररावांचं गप्प बसणं. हा माणूस आता चार दिवस कॉलनीभर ते चित्रण दाखवत फिरणार, या भीतीनं चंद्रप्पांनी उत्तरं तयार करून ठेवली होती. एकही वापरता येईना.

गल्लीत शिरले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दिलेरवंताच्या पाटीभोवतीचे निळे दिवे उघडझाप करत होते. त्यातले अर्धे गेलेले होते. बायका आत गेल्या. दिनकररावांनी टोपी काढली, टॉवेलाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

“अप्पा, मघाशी तुमी गादीवर असताना मी हैदराबादला फोन लावला होता.”

“बरं मग?”

“इचारलं, आमच्या दिलेरवंताचं गाव कोणतं? ते म्हणले, गाव त्यात येत न्हाई. फक्त पाटी अन् प्रमाणपत्र. मी म्हणलं, दिलेरवंतानं कुणाचं काही वाईट केलं होतं का? ते म्हणले, तशी नोंद न्हाई.” दिनकररावांनी टोपी हातात फिरवली. “म्हणजे अप्पा, कोणाला रागच न्हाई माझा. तुमच्यावर अख्खं गाव कसं तुटून पडलं. त्या म्हातारीनं तर पोटच्या पोरालाबी दिल्या नसतील इतक्या प्रेमानं शिव्या दिल्या.”

चंद्रप्पांनी फेटा सावरला. आपल्या छातीत काही तरी सुखानं पसरतंय असं त्यांना वाटलं, आणि लगेच एक बारीक काळजीही उठली, की हा आता यातही वाटा मागणार.

दिनकररावांनी गल्लीत इकडंतिकडं पाहिलं. मग भिंतीवरच्या मांजरालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले,

“अप्पा, म्होरल्या साली जाल तेव्हा तानुबाईला सांगून माझ्याबी नावानं थोड्या घालायला लावता का? लय न्हाई. दोन-तीन.”